मागचे झाकण

वस्तू विकत घेताना सर्वसाधारण मनुष्य ती समोरून पाहतो. आमचे वडील ती प्रथम पालथी करीत. रेडिओ असो, टॉर्च असो वा भिंतीवरचे घड्याळ असो, त्याची पाठ पाहिल्याशिवाय त्यांचा हात खिशाकडे वळत नसे. उल्हासनगर कॅम्प २ मधील दुकानदार त्यांच्या या सवयीला सरावले होते. 'काका, आगे से तो देखो,' असे एखादा नवखा नोकर म्हणाला, की गल्ल्यावरचे शेठ हसून त्याला गप्प करीत. वडिलांना पाहायचे असे ते मागचे झाकण. ते नखाने उघडते की स्क्रूने, आत सेल किती लागतात, आणि तसले सेल आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतात की नाही, एवढ्या तीन गोष्टींची खात्री झाली म्हणजे मग भावाची घासाघीस सुरू होई.

आमचे मूळ घर आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. वडील शहाडच्या एका कारखान्यात लागले आणि कॅम्प २ मध्ये एका जुन्या बराकीच्या आधाराने उभ्या राहिलेल्या खोलीत आमचा संसार थाटला गेला. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी, फाळणीनंतर तेथे वसविलेले सिंधी निर्वासित आणि १९४९ साली मिळालेले उल्हासनगर हे नाव, हा इतिहास वाचकांना ठाऊक असेलच. रिकाम्या हातांनी आलेल्या या समाजाने तेथे बाजार उभा केला. बाहेरगावचे लोक त्याची चेष्टा करीत. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आम्ही शाळेत असताना इतक्यांदा ऐकला, की त्याचे हसू येईनासे झाले. परंतु चेष्टा करणारेच रविवारी पिशव्या घेऊन गोल मैदानाच्या आसपास फिरताना दिसत, हेही खरे.

याच बाजारातून १९९१ साली आमच्या घरी वॉकमन आला. कारखान्याचा बोनस दिवाळीला मिळे. आमचा सण नाताळचा, म्हणून ती रक्कम दोन महिने आईच्या लुगड्यांच्या ट्रंकेत राहत असे. त्या वर्षी तिला पाय फुटले. सोनी कंपनीने पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानात विक्रीला आणला होता. आमच्याकडे आलेले यंत्र त्याचे दूरचे, गरीब भावंड होते. नाव जपानी वाटावे असे, रंग काळा, अंगात कॅसेटबरोबर रेडिओही होता. वडिलांनी अर्थातच ते पालथे केले. झाकण नखाने उघडत होते आणि आत दोन पेन्सिल सेल बसत होते. सौदा झाला.

त्या दोन सेलांभोवती आमच्या घराचे एक शास्त्रच तयार झाले. कॅसेट मागे फिरवण्यासाठी वॉकमनचे बटण दाबायचे नाही. तिच्या दातेरी भोकात षट्कोनी पेन्सिल घालून हाताने गरगर फिरवायची, म्हणजे सेल वाचतात. सेल दमले की गाणारा प्रथम किंचित गंभीर होई, मग त्याचा आवाज खाली उतरे आणि अखेर एखादा म्हातारा चढ चढताना बोलतो तसे शब्द ओढले जात. आमच्या चर्चच्या गायकवृंदाची एक कॅसेट होती. तीतील मुलींचे कोवळे आवाज सेल संपत आले की धर्मगुरूंच्या स्वरात गाऊ लागत आणि आम्ही भावंडे पोट धरून हसत असू. मग सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवायचे. ऊन सेलात वीज भरीत नाही हे पुष्कळ पुढे कळले. विश्रांतीने आणि उबेने आतली मंदावलेली रासायनिक क्रिया थोडी चाळवते, इतकेच. पण तेवढ्यावर कॅसेटची एक बाजू निघत असे. पूर्ण मेलेला सेलही वाया जात नसे. त्याचे जस्ताचे कवच फोडले की मधली कोळशाची कांडी मिळे आणि तिने रस्त्यावर लंगडीची घरे आखता येत. हात काळे होत, मार बसे. आतला काळा भुगा मँगनीज डायऑक्साइडचा असतो आणि त्यात मुलांनी बोटे घालू नयेत, हे त्या काळी आम्हांला सांगणार कोण?

सेलाचा सर्वांत मोठा गुण असा, की तो कोणा एका वस्तूचा नसतो. हा धडा आम्ही २६ जुलै २००५ रोजी शिकलो. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उल्हास नदी आणि वालधुनी यांनी कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्याची जी दैना केली ती ज्यांनी पाहिली त्यांना सांगावी लागत नाही. आमची खोली उंचावर असल्याने पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन थांबले, पण वीज गेली. लोकल बंद पडल्या. थोरला भाऊ सकाळी मुंबईला कामावर गेला होता. तो कोठे आहे, जिवंत आहे की नाही, काही कळेना. शेजाऱ्यांकडचा मोबाइल होता तोही चार्जिंगअभावी मुका झाला. वॉकमनमधले सेल आदल्या आठवड्यातच संपले होते. वाण्याचे दुकान पाण्यात.

वडिलांनी स्टूल घेतले, भिंतीवरचे घड्याळ उतरवले आणि त्याचा सेल काढला. दुसरा सेल शेजारच्या सिंधी काकूंनी आपले घड्याळ उतरवून दिला. त्या दोन घरांच्या दोन सेलांवर वॉकमनचा रेडिओ लागला. इअरफोन एकच, म्हणून वडील ऐकत आणि मोठ्याने सांगत. दारात पंधरावीस माणसे उभी होती. कोणत्या मार्गावर गाड्या अडकल्या, कोठे पाणी ओसरते आहे, हे ते एखाद्या वाचकाने वेदीवरून वाचावे तसे सावकाश, शब्द सुटे करून सांगत होते. भावाची बातमी रेडिओ देणार नव्हता हे सर्वांना ठाऊक होते. तरी आई प्रत्येक वाक्यानंतर 'आणि?' असे विचारी. तिसऱ्या दिवशी भाऊ रुळांवरून चालत घरी पोहोचला. आमचे घड्याळ तोवर नऊ वाजून दहा मिनिटांवर थांबलेले होते, आणि आई त्यानंतर आठवडाभर त्यात सेल घालू देईना. का, ते तिने सांगितले नाही.

तोच भाऊ पुढे मस्कतला गेला आणि २०१० साली सुट्टीवर येताना त्याने आईसाठी एक एमपी३ प्लेअर आणला. आगपेटीपेक्षा जरा मोठा, चंदेरी, हातात घेतला तर थंड आणि गुळगुळीत. त्यात शेकडो गाणी होती आणि आवाज भरून घेण्याची सोयही होती. वडिलांनी तो घेतला, पालथा केला, पुन्हा सुलटा केला, कडांवरून नख फिरवले.

"याला पाठच नाही," ते म्हणाले.

भाऊ हसला. "दादा, बॅटरी आतच आहे. चार्ज करायची. सेल घालायची भानगडच नाही."

"आणि ती मेली म्हणजे?"

"तोवर नवा घेऊ."

वडील काही बोलले नाहीत. त्यांनी प्लेअर आईच्या हाती दिला.

हा प्रश्न आमच्या वडिलांनाच पडला होता असे नव्हे. ॲपल कंपनीने २३ ऑक्टोबर २००१ रोजी आयपॉड जाहीर केला, तेव्हा हजार गाणी खिशात, या कल्पनेने जग दिपून गेले. बॅटरी आत बंद आहे याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ते दोन वर्षांनी गेले. न्यूयॉर्कमधील दोन भावांनी २००३ साली एक छोटी चित्रफीत काढली. शहरातील आयपॉडच्या जाहिरातींवर, याची न बदलता येणारी बॅटरी अठराच महिने टिकते, अशी अक्षरे ते रंगाने उमटवीत चालले आहेत, एवढेच तिच्यात होते. ग्राहक न्यायालयात गेले, २००५ साली तडजोड झाली आणि अनेकांना पन्नास डॉलरांचे कूपन मिळाले. झाकण मात्र मिळाले नाही.

तथापि न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही आहे. लिथियमची बॅटरी ही पेन्सिल सेलासारखी सोशीक वस्तू नव्हे. तिचा दाब साधारण ३.७ व्होल्ट, म्हणजे साध्या सेलाच्या अडीचपट. वजन कमी आणि शक्ती अधिक. ज्या तीन शास्त्रज्ञांनी तिचा पाया घातला त्यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते उगीच नव्हे. पण तिला टाचणी लागली, ती चेपली वा मर्यादेपेक्षा अधिक भरली गेली, तर ती पेट घेऊ शकते. लोखंडी कवचाऐवजी पातळ पाकिटात तिला ठेवले की यंत्र सडपातळ होते, झाकण आणि स्प्रिंगा वगळल्या की आणखी सडपातळ होते, आणि असे नाजूक पाकीट ग्राहकाच्या हाती मोकळे द्यायला कारखानदार कचरतो. हे सारे पटण्याजोगे आहे. शिवाय खुद्द आमच्या आईलाच त्या बंद प्लेअरने जे सुख दिले ते वॉकमनने दिले नव्हते. तिला मोतीबिंदूमुळे सेलाचे अधिक-उणे दिसत नसे, स्प्रिंग बोटाला दाबत नसे. प्लेअरला वायर लावली की काम झाले. २०१२ साली वडील गेले. त्यानंतरची तिची दुपार त्या चंदेरी डबीबरोबर जात असे. आम्ही तोवर बदलापूरला घर घेतले होते आणि कॅम्प २ मधल्या शेजारणी तिला दुरावल्या होत्या.

२०१६ च्या मे महिन्यात आमच्या मुलीने आजीच्या समोर तो प्लेअर धरला आणि लाल बटण दाबले. आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, गावच्या सणाची हकीकत सांगितली, दुष्काळात मिशनच्या विहिरीवर काम कसे मिळाले ते सांगितले. मुलीने ते संगणकावर उतरवून घ्यायचे ठरवले होते. मग तिची बारावी आली. २०१८ साली आई गेली. प्लेअर तिच्या जपमाळेबरोबर आणि चष्म्याबरोबर एका पत्र्याच्या डब्यात ठेवला गेला, आणि दुःखाच्या काळात माणूस डबे उघडीत नाही.

तो डबा आम्ही २०२४ साली उघडला. प्लेअर फुगला होता. बेडकाच्या पोटासारखी त्याची पाठ वर आली होती आणि काचेच्या कडेला फट पडली होती. वायर लावली, काहीच झाले नाही. संगणकाला जोडला, संगणकाने त्याची ओळखही दाखवली नाही. मुलगी रडू लागली. आम्ही तिला समजावीत होतो खरे, पण आमच्या मनात वडिलांचा तो प्रश्न घुमत होता, 'आणि ती मेली म्हणजे?'. त्या आवाजाची दुसरी प्रत जगात कोठेही नव्हती.

कंपनीच्या माणसांना दूरध्वनी केला. हे मॉडेल बंद झाले, नवे घ्या, असे उत्तर मिळाले. तेव्हा आम्ही प्लेअर रुमालात गुंडाळला, डब्यात शेजारीच पडलेला वॉकमनही पिशवीत टाकला आणि बदलापूरहून लोकलने कॅम्प २ गाठले. बाजार बदलला आहे. रेडिओची दुकाने मोबाइलची झाली आहेत. एका गल्लीत, जिन्याखाली, साठी उलटलेले एक सिंधी गृहस्थ दुरुस्ती करीत बसतात. पूर्वी ते टेपरेकॉर्डर उघडीत, आता फोन उघडतात. त्यांनी प्लेअर हातात घेतला आणि, वाचकहो, पहिली गोष्ट केली ती म्हणजे तो पालथा केला.

"चार्ज पे लगाया था?" त्यांनी विचारले. हो म्हटल्यावर ते रागावले. फुगलेली बॅटरी पुन्हा भरायला लावणे म्हणजे काडी ओढून पाहण्यासारखे आहे, असे त्यांनी आम्हांला चांगलेच सुनावले. मग म्हणाले, "आवाज मेमरी में है, उसको कुछ नहीं हुआ होगा. लेकिन बॅटरी के बिना ये मशीन चालूच नहीं होती."

त्यांनी वाळूने भरलेला एक तेलाचा डबा पायाशी ओढला. गरम हवेच्या गनने कडा शेकल्या, गिटार वाजवायची प्लास्टिकची पट्टी फटीत सारली आणि तसूतसूने डिंक सोडवीत नेला. लोखंडी हत्यार त्यांनी जवळ येऊ दिले नाही. वीस मिनिटे गेली असतील. आमच्या मुलीने डोळे मिटून घेतले होते. पाठ सुटली तेव्हा आत उशीसारखे फुगलेले रुपेरी पाकीट दिसले, आणि एक गोडसर, औषधी वास आला. आतला द्रव विघटित होऊन त्याचा वायू होतो आणि पाकीट फुगते. वर्षानुवर्षे रिकामी पडून राहिलेल्या बॅटरीचे असे होते, असे काकांनी सांगितले. म्हणजे दोष थोडा आमचाही होता. तारा एकेक करून कापल्या, त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावली आणि ते पाकीट वाळूत गेले.

बॅटरी काढली, पण तिची जागा भरायला त्या मापाची दुसरी त्यांच्याजवळ नव्हती. अशा पाकिटांवर एक आकडा छापलेला असतो. ५०३०४० म्हणजे जाडी ५ मिलिमीटर, रुंदी ३० आणि लांबी ४०. आमचे माप जरा अडनिडे होते. तेव्हा काकांनी टेबलावरच्या वीज पुरवणाऱ्या यंत्राचा काटा चार व्होल्टच्या जरा खाली लावला आणि त्याच्या दोन तारा बॅटरीच्या जागी टेकवल्या. काच उजळली. मुलगी एकदम पुढे सरसावली, तसे ते ओरडले, "हात मत लगाओ, पहले कॉपी!" त्यांनी प्लेअर आपल्या संगणकाला जोडला, सर्व फायली उतरवून घेतल्या, त्या पेन ड्राइव्हवर घातल्या आणि पेन ड्राइव्ह मुलीच्या मुठीत दिल्यानंतरच खुर्चीला पाठ टेकली.

योग्य बॅटरी शोधायला त्यांचा मुलगा बाजारात गेला तेवढ्या वेळात त्यांनी वॉकमन पाहिला. आम्ही अभिमानाने सांगितले, की हा जुन्या पद्धतीचा, याचे झाकण नखाने उघडते. ते उघडले आणि आमची मान खाली गेली. कधी काळी घातलेले दोन सेल आत तसेच राहिले होते. ते गळून पांढरट-हिरवी पूड साचली होती आणि एक स्प्रिंग सडून तुटली होती. मागचे झाकण असून उपयोग काय, ते उघडणारे वडील राहिले नव्हते! काकांनी पूड खरवडली, व्हिनेगरच्या बोळ्याने पुसली, एका मोडक्या रिमोटमधली स्प्रिंग काढून सोल्डर केली. आतला रबरी पट्टा चिकट चिखल झाला होता, तोही बदलला. अर्ध्या तासात वॉकमन चालू झाला. प्लेअरच्या दुरुस्तीचे त्यांनी जे पैसे घेतले त्याच्या चौथा हिस्साही यासाठी घेतले नाहीत.

तेथे बसल्या बसल्या आमचे लक्ष समोरच्या फळीवर गेले. रंगीबेरंगी लहान स्पीकर मांडले होते. मेमरी कार्ड घातले की भजने, आरत्या, गाणी काय हवे ते वाजते, रेडिओही लागतो. सवयीने एक उचलून पालथा केला, तर मागे झाकण! आत नोकियाच्या जुन्या साध्या फोनमध्ये असे तसल्या मापाची, बीएल-५सी नावाची चपटी बॅटरी होती. फोन गेले, पण त्यांच्या बॅटरीचे माप मागे राहिले आणि ठिकठिकाणच्या लहान कारखानदारांनी ते पेन्सिल सेलासारखे वापरात आणले. वाचकांना स्मरत असेल, २००७ साली याच बॅटऱ्यांपैकी एका जपानी कंपनीने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापू शकतात असे नोकियाने जाहीर केले होते आणि घरोघरी लोक फोनची पाठ उघडून आकडे तपासू लागले होते. ज्यांची बॅटरी सदोष निघाली त्यांनी ती काढून दुसरी घातली, फोन तोच राहिला. ती आत डिंकाने चिकटवलेली असती तर काय करावे लागले असते, याचा विचार आम्ही त्या जिन्याखाली बसून केला. लिथियम धोक्याचे आहे म्हणून ते बंद ठेवावे हा युक्तिवाद आम्हांला तोवर पटत होता, तो तेथे निम्मा गळाला. कठीण कवच घालून, माप ठरवून, तीच बॅटरी सामान्य माणसाच्या हाती देता येते. जाडी दोन मिलिमीटर वाढते, हे कबूल.

युरोपीय संघाने २०२३ साली केलेल्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतील लहान बॅटऱ्या, काही अपवाद सोडून, ग्राहकाला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत. आपल्याकडे २०२२ साली वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने संकेतस्थळ उघडले. झाकणाची सक्ती मात्र त्यांत नाही. काकांना आम्ही हे सांगितले. ते म्हणाले, झाकण आले तर आपला अर्धा धंदा बुडेल. मग वाळूच्या डब्याकडे पाहून म्हणाले, बुडू दे, रोज हा डबा पायाशी घेऊन बसायची हौस कोणाला आहे?

त्यांच्या मुलाने आणलेली बॅटरी केसभर जाड निघाली. ती बसली, प्लेअर चालू झाला, पण पाठ पूर्वीसारखी मिटत नाही. काकांनी तिला एक लाल रबरबँड लावून दिला. डिंक लावू का, असे त्यांनी विचारले होते. आम्ही नको म्हणालो.

त्या रात्री बदलापूरला घरातील सर्वांनी आईचा आवाज ऐकला. ओव्या आहेत, विहीर आहे, सणाच्या दिवशी हरवलेल्या बैलाची आम्ही विसरलेली एक गोष्टही आहे. बत्तीस मिनिटांनंतर ती थांबते आणि विचारते, "आता ह्ये बंद कुठून करायचं गं?" मुलीने त्या वेळी बटण दाबल्याचा भास झाला असावा, कारण ध्वनिमुद्रण पुढे तसेच चालू आहे. भांडी सरकवल्याचा आवाज येतो, नळ सुटतो, खालच्या रस्त्यावर भाजीवाला ओरडतो. आई त्याला वरून गवारीचा भाव विचारते आणि महाग आहे म्हणून सांगते.